बिनटाक्याची वीतभर जागा

आज थोडा वेळ काही उरकायचं नाही. कपाटातून एक जुनं सुती वस्त्र तेवढं काढा. लुगडं असेल, धोतर असेल, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर असेल. रंग उडालाय पण टाकवत नाही, असं काहीही चालेल. ते जमिनीवर पसरा आणि शेजारी मांडी घालून बसा. गुडघे ऐकत नसतील तर खुर्चीत बसा आणि कापड मांडीवर घ्या. हे काही योगासन नव्हे.

आता उजवा तळहात त्या कापडाखाली सारा आणि नुसते थांबा.

आधी कापड गार लागेल. मग गार लागायचं थांबेल. आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते पकडता येत नाही, ते उबदार वाटायला लागेल. ही ऊब कुठून आली, एवढाच प्रश्न मनात ठेवा. उत्तर सोपं आहे, पण घाईने देऊन टाकू नका. हात तिथेच असू द्या.

माझी आत्या कोरेगाव तालुक्यातली. पेरणीआधी, शेतात फारसं काम नसतं अशा दिवसांत, ती ओसरीवर गोधडी शिवायला घ्यायची. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याची दोनदा घडी घातली की माणसाच्या लांबीचे चार थर आयते मिळतात. त्या थरांच्या पोटात विरलेली धोतरं, परकर, पोरांचे उसवलेले सदरे. चार कोपऱ्यांवर चार दगड. मग लांब सुई आणि साधा धावदोरा. टाका कडेपासून सुरू व्हायचा, चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत आणखी एक, असा सरकत सरकत शेवटी मधोमध संपायचा.

आणि दर वर्षी, चौथा दगड ठेवून होतो न होतो तोच ठिगळी यायची आणि बरोब्बर मधोमध बसायची.

ठिगळी म्हणजे आत्याची मांजर. पांढऱ्या अंगावर काळी आणि भगवी ठिगळं, कुणीतरी उरल्यासुरल्या तुकड्यांतून जुळवल्यासारखी. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. पहिल्यांदा तिला उठवायला धावले, तर आत्याने मान वर न करताच मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे की तिला. थंडी काय उद्या यायची हाय?"

हे वाक्य थोडं घोळवू या. बाहेर वैशाख तापलेला, अंगावर घामाच्या धारा, आणि ही बाई जी वस्तू शिवते आहे तिची गरज पडायला अजून सहा महिने आहेत. मांजर काही सहा महिने बसणार नाही. तासाभराने उठेल, उंदीर दिसला तर त्याआधीही उठेल. तोवर कडेचे टाके आहेतच. मधला भाग तसाही शेवटी यायचा असतो. आत्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकायची, मांजर आपल्या जागी, आणि टाक्यांचे चौकोन तिच्याभोवती लहान लहान होत यायचे.

तुमच्याही हातात आत्ता एखादं काम असेल ज्याच्या मधोमध कुणीतरी येऊन बसलंय. मूल असेल, म्हातारं माणूस असेल, खरोखरचं मांजर असेल. क्षणभर त्या कामाकडे पाहा आणि बघा, त्याच्या कडा अजून शिवायच्या राहिल्यात का. बहुतेक राहिलेल्या असतात.

शिवणाऱ्या बायका कौतुकाने म्हणतात, मांजर मला मदत करते. मला हे पटत नाही. मांजर कसलीही मदत करत नाही. ती कापडावर बसते, दोऱ्याशी खेळते, ओढून ताठ केलेला पन्हा पंजांनी चुरगाळते. पण दुपारी दोन ते पाच घरात बोलायला कुणी नसतं, तेव्हा ही अडचण हवीशी वाटते. आत्या तिच्याशी फार बोलायचीही नाही. दोघी दोन कामांत असायच्या, एकीचं शिवणं, दुसरीचं झोपणं. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपेत काढते, म्हणजे कामाचा भार तिच्यावरच जास्त म्हणायचा.

ती कापडावरच का बसते? याचं उत्तर अंशतः तापमानात आहे. मांजराच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, आपल्याहून जास्त. आणि भोवतालची हवा साधारण ३० ते ३८ अंशांत असेल तेव्हाच तिला अंग गरम किंवा गार ठेवायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. आपल्याला नकोसं होतं तिथे तिचं सुख सुरू होतं. म्हणून ती चुलीच्या कडेला, टीव्हीवर, नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर आणि थरांच्या कापडावर सापडते. दुसरं कारण वासाचं. जुन्या सुताला माणसाचा वास असतो, कितीही धुतलं तरी थोडा उरतोच. मांजर त्यावर गाल घासते आणि गालातल्या ग्रंथींमधून आपला वास त्यात मिसळते. पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करते, ती सवय पिल्लू असतानाची, आईला दूध उतरावं म्हणून आचळांशी केलेली. मोठं झालं तरी मऊ काही पायाखाली आलं की पंजांना ते आठवतं.

हात अजून कापडाखाली आहे ना? असू द्या.

ठिगळीच्या रंगांपाशी थोडं रेंगाळते, कारण तिथे मला नेहमी गंमत वाटत आली आहे. अशा तिरंगी मांजरीला इंग्रजीत कॅलिको म्हणतात. कॅलिको हे मुळात सुती कापडाचं नाव, आणि त्या कापडाला ते मिळालं कालिकतवरून, म्हणजे केरळातल्या कोळिकोडवरून. अंगावर पट्टे असलेल्या मांजराला टॅबी म्हणतात, तो शब्दही एका रेशमी कापडाचा, बगदादच्या एका मोहल्ल्याच्या नावावरून आलेला. ज्यांनी ही नावं दिली त्यांनाही मांजर पाहिल्यावर कापडच आठवलं. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिने आपलं ठिगळी म्हटलं.

ही ठिगळं येतात कशी, तेही पाहण्यासारखं आहे. काळा की भगवा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स. गर्भ अगदी चिमुकला असतानाच त्याच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स मिटून घेतला जातो, कुठला ते नशिबावर. मग त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी होतील, त्या सगळ्या तोच निर्णय पाळतात. एका भागात काळं मिटलं, शेजारी भगवं मिटलं, आणि पांढऱ्याची बाब वेगळ्याच जनुकाकडे. मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगांवरून हे मांडलं. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. दोन ठिगळीही कधी अगदी सारख्या होत नाहीत, जशा एका बाईच्या हातच्या दोन गोधड्या होत नाहीत.

पण ठिगळी आत्याकडे आली तेव्हा तिच्या रंगांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

श्रावणातली गोष्ट, मी पाहिलेली नाही, ऐकलेली. कडब्याच्या गंजीमागे तीन पिल्लं ओरडत होती. आत्याने त्यांना लगेच हात लावला नाही. आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं दाखवते. ती खरंच एकेकाला मानगुटीला धरून जागा बदलते, आणि एकाला पोचवून येईपर्यंत बाकीची उघड्यावर दिसतात. दिसली की उचलली, असं केलं तर आईवेगळं करणारे आपणच. पिल्लं स्वच्छ असतील, पोटं गोल असतील, गप्प पडून असतील, तर आई जवळपास आहे असं समजावं आणि लांबूनच, लपून, काही तास बघावं. ती सतत ओरडत असतील, गार पडली असतील, अंगाला घाण लागली असेल, तर मात्र थांबू नये. आत्या संध्याकाळपर्यंत थांबली. आई आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, ती हमरस्त्यावर गेली होती.

इथे वैष्णव आचार्यांचा एक जुना वाद आठवतो. दक्षिणेत रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन मतं झाली. एका मताने म्हटलं, भक्ताने देवाला वानराच्या पिल्लासारखं धरावं, आई उडी मारते तेव्हा पिल्लाने स्वतः पोटाला घट्ट चिकटून राहायचं असतं. हा मर्कटन्याय. दुसऱ्या मताने म्हटलं, नाही, भक्त मांजराच्या पिल्लासारखा असतो, त्याने काहीच करायचं नसतं, आई मानगुटीला धरते आणि नेते. हा मार्जारन्याय. पहिलं मत वेदान्तदेशिकांच्या नावाशी जोडलं जातं, दुसरं पिळ्ळै लोकाचार्यांच्या. मांजरीने मानगुट धरल्यावर पिल्लू पाय पोटाशी घेऊन खरंच सैल पडतं, आचार्यांनी नीट पाहिलं होतं. कृपा मागून मिळते की न मागता, याचा निकाल मी कुठून लावणार? मला गंजीमागचा ओला कोपरा दिसतो. पिल्लू आपल्या बाजूने सैल पडून तयार आहे, आणि त्याला धरणारं तोंडच आता नाही. अशा वेळी काय करायचं, हे दोन्ही न्यायांत नाही.

तीन पिल्लं घरात आली ती ओली, गार आणि आवाज बसलेली. माझ्या थोरल्या चुलतबहिणीने लगेच त्यांना गोधडीत गुंडाळलं. बाळाला आपण तेच करतो. नव्या जिवाला जुन्या सुताचं दुपटं, पाचवीला सटवाईची पूजा. त्या सटवाईला षष्ठी मानतात आणि षष्ठीचं वाहन मांजर. तर बहिणीने गुंडाळलं आणि वाटीत दूध आणायला निघाली. आत्याने गोधडी उलगडली आणि म्हणाली, "गार जिवाला गुंडाळून काय उपेग? आदी ऊब तर घाल तिच्यात."

आता तळहात कापडाखालून काढा. हात मागे घ्या आणि जिथे तो होता त्या जागेला वरून बोटाने स्पर्श करा.

किंचित ऊब अजून आहे. जातेय. गेली.

मघाचं उत्तर आता देऊ शकता. ऊब कापडाची नव्हती. गोधडी ऊब तयार करत नाही. तिच्या थरांमध्ये अडकलेली हवा दिलेली ऊब लवकर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. म्हणून आपण शिरतो तेव्हा गोधडी गार असते आणि पाच मिनिटांनी आपल्याच अंगाने ऊबदार होते, आणि आपण म्हणतो, काय ऊब आहे हिला! मोठ्या माणसाचं यात भागतं. पहिल्या काही आठवड्यांतल्या पिल्लाचं भागत नाही. जन्मतः त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. डोळे बंद, ते उघडायलाच आठवडा ते दोन आठवडे जातात. थंडीने कुडकुडून अंग तापवणंही त्याला अजून येत नसतं. त्याला ऊब आईची आणि भावंडांची लागते. गार पडलेल्या पिल्लाला गोधडीत गुंडाळलं तर गोधडी त्याचा गारठाच सांभाळत बसते.

आत्याने चुलीवर पाणी तापवलं, दोन बाटल्यांत भरलं, बाटल्यांना जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली, पिल्लं मध्ये ठेवली आणि वरून गोधडीचा पदर ओढला, एक बाजू मोकळी सोडून, म्हणजे फार तापलं तर त्यांना सरकता येईल. बाटल्या रात्रभर बदलल्या. पोटात काही घातलं ते अंग कोमट झाल्यावर, आधी नाही. गार पिल्लाला दूध पचत नाही, उलट ते त्यानेच जाण्याची भीती असते. कधी पाजायचं ते आत्याला माहीत होतं. काय पाजायचं ते मात्र नव्हतं. तिने गाईचं दूध पाणी घालून दिलं, तेव्हा सगळे तेच देत. गाईच्या दुधाने मांजराच्या पिल्लांना हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला हगवण पुरेशी असते. तिनांतली दोन गेली. एक राहिली.

आज औषधांच्या काही दुकानांत आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते. पाजताना पिल्लाला बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध श्वासनलिकेत जातं. पोटावर, आईला लुचताना असतं तसं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण पहिले तीन आठवडे आईने जिभेने चाटल्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. बेघराला घर दिलं असं आपण सहज म्हणतो. त्यातले पहिले तीन आठवडे हे असे असतात: गजर, बाटली, कापूस, वजनकाटा. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढली तर ठीक.

डोळे मिटून एवढंच पाहा. रात्रीचे तीन वाजलेत. तळहातावर मूठभर वजन. ते पितंय. कान मागे-पुढे हलताहेत, प्रत्येक घोटाबरोबर. त्याला तुमचं नाव माहीत नाही, तुम्ही दिसतही नाही. तुम्ही त्याच्यासाठी फक्त एक तापमान आहात.

इथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

ठिगळी वाचली, आणि तिला टाक्यांच्या मधोमध बसायची सवय बहुधा त्या बाटल्यांमधल्या रात्रींतूनच लागली. आत्या मात्र एका बाबतीत कडक होती. सुई आणि दोरा कधी उघड्यावर राहायचा नाही. हात थांबला की दोरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याला झाकण. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. पुण्यात माझ्या स्वतःच्या मांजराच्या तोंडातून एक दिवस गुलाबी दोरा लोंबताना दिसला तेव्हा कळलं. मी तो ओढणार, तेवढ्यात फोनवर डॉक्टर ओरडल्या, हात लावू नका! मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे एकदा तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जात राहतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि दुसरं आतड्यात पोचलं की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं. ओढलं तर दोरा आतडं कापतो. आमचं लवकर लक्षात आलं म्हणून निभावलं. चूक माझी होती, रीळ मीच खिडकीत ठेवलं होतं. ज्या दोऱ्याने गोधडी होते तोच हा दोरा. तेव्हापासून माझ्याकडेही झाकणाचा डबा आहे.

ठिगळी चौदा वर्षं होती. शेवटच्या उन्हाळ्यात ती मधोमध बसली ती फारशी उठेना. आत्या नेहमीप्रमाणे कडेने शिवत आली. चौकोन लहान होत होत अखेर मांजराएवढाच उरला. आत्याने सुई डब्यात ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागली. चार दिवस गेले, सहा गेले. मग ठिगळी गेली, त्याच आठवड्यात पाऊस आला, पेरण्या सुरू झाल्या आणि गोधडी गुंडाळून माळ्यावर गेली. पुढे ती पुरी करायचं कुणाला सुचलं नाही, किंवा आत्याला सुचलं असेल आणि तिने केलं नसेल. मी विचारलं नाही.

उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात, आपल्या गोधडीची बहीणच. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्या घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असं मानतात. तो शेवटचा तुकडा त्यांना हवाच असतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गोधडीची थोडी लाज वाटली, आणि मग वाटेनाशी झाली.

ती आता माझ्याकडे आहे. मधोमध वीतभर जागा बिनटाक्याची आहे. धुतली की पोटातलं कापड तिथे गोळा होतं आणि वाळत घालताना हाताने सारखं करावं लागतं.

तुमच्या समोरचं कापड आता घडी करू शकता. ते परत कपाटात जाण्याआधी एक सांगते. भटक्या आणि सोडून दिलेल्या प्राण्यांचे निवारे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जुन्या सुती चादरी, टॉवेल, साड्या मागत असतात. पिल्लांखाली घालायला, बाटल्यांना गुंडाळायला, रोज बदलायला त्यांना ते कधीच पुरत नाही. तुमच्या गावातल्या किंवा शहरातल्या निवाऱ्याला फोन करून काय हवंय ते विचारा आणि धुऊन नेऊन द्या. देण्याआधी कडेचे सुटलेले दोरे तेवढे कापून टाका.